आधी आवाज ऐका

बायोप्सीच्या टेबलावर बाई झोपली, स्तनातल्या गाठीच्या बाजूचा हात डोक्याखाली गेला, खांद्याखाली उशी सरकवली, की मी डॉक्टरांना म्हणते, "एकदा ऐकवू या." डॉक्टर बायोप्सीची गन, म्हणजे गाठीतून तुकडा काढणारी सुई, हवेतच चालवतात. खट्! स्टेपलर दाबल्यासारखा, पण जरा मोठा, कोरडा आवाज. मग मी सांगते, "मावशी, हा एवढाच आवाज. असा चार-पाच वेळा येईल. आवाज आला म्हणजे तुकडा निघाला. काही तुटलं नाही, काही फुटलं नाही."

ही सवय मला एका बाईने लावली. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. शेतात राबणारी, पन्नाशीच्या आतली. भुलीचं इंजेक्शन तिने हूं की चूं न करता घेतलं. पहिल्यांदा गन चालली आणि ती ताडकन उठायला गेली. सुई जागेवरून सरकली, आत रक्त साकळलं, लिंबाएवढी दुसरी गाठ झाली आणि त्या दिवशी काम तिथेच थांबवावं लागलं. पंधरा-वीस मिनिटं मी गॉज दाबून उभी होते. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "मला वाटलं, आत कायतरी तुटलं बघा." तो आवाज मी तोवर शेकडो वेळा ऐकला होता. तिने तो जन्मात ऐकलेला नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी २७ वर्षं परिचारिका आहे. आधी सर्जरीचा वॉर्ड, मग ऑपरेशन थिएटर, आणि गेली १८ वर्षं सोनोग्राफीच्या शेजारची, सुईने बायोप्सी करतात ती छोटी खोली. शहराच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बायका येतात. अक्कलकोटकडच्या कानडी बायका येतात. पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळच्या शेतकरणी येतात, शाळेतल्या बाई येतात, बँकेतल्या मॅडम येतात. भाषा वेगळी, लुगडं-साडी-पंजाबी ड्रेस वेगळा, पण एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांची सारखी. अंघोळ करताना गाठ हाताला लागली तो दिवस आणि ती कुणाला तरी सांगितली तो दिवस, या दोहोंमध्ये महिने गेलेले असतात. दुखत नव्हती म्हणून सांगितलं नाही, असं बहुतेकजणी म्हणतात. खरं तर न दुखणारी गाठच आधी दाखवायला हवी.

एक सांगून ठेवते. ही सुई मला स्वतःला कधी टोचलेली नाही. काय वाटतं, किती दुखतं, याबद्दल मी जे लिहिते आहे ते त्या टेबलावर झोपलेल्या बायकांनी मला सांगितलेलं आहे.

*

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे ही गन नव्हती. बारीक सुईने पेशी ओढून तपासायचे, तिला एफएनएसी म्हणतात. त्यात सुट्या पेशी मिळतात, पण त्या पेशींची मांडणी कशी आहे, रोग दुधाच्या नळ्यांच्या आतच आहे की बाहेर पडला आहे, हे त्यावरून कळत नाही. शंका राहिली की थेट ऑपरेशन. पूर्ण भूल देऊन गाठ काढायची, आणि रोग निघाला तर कधी कधी त्याच भुलीत स्तनही काढायचा. संमतीच्या कागदावर दोन्हीची सही आधीच घेतलेली असे. म्हणजे बाई झोपताना तिला ठाऊक नसायचं की आपण जाग्या होऊ तेव्हा काय असेल.

रिकव्हरीत माझी ड्युटी असायची. भूल उतरताना माणसं पाणी मागतात, आईला हाक मारतात. या बायकांचा हात आधी छातीकडे जायचा. डोळे मिटलेलेच असायचे. हात पट्टीवरून चाचपडत फिरायचा, आणि मग थांबायचा. ते मी किती वेळा पाहिलं, मोजलं नाही.

म्हणून कुणी मला विचारलं, की सुईच्या बायोप्सीने नेमकं काय बदललं, तर मी जखमेच्या आकाराबद्दल आधी बोलत नाही. ते तर आहेच, टाका लागत नाही, दोन-तीन मिलीमीटरची खूण राहते आणि तीही पुसट होते. पण प्रश्न विचारणं आणि उपचार करणं, या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. मधे दिवस आले. त्या दिवसांत बाईला घरी जाता येतं, रिपोर्ट हातात घेता येतो, दुसऱ्या डॉक्टरला विचारता येतं, स्तन वाचवता येईल का, आधी केमो घ्यायची का, हे जागेपणी ठरवता येतं.

*

सगळ्यात नेटके प्रश्न मला एका विडी कामगार बाईने विचारले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोटांना तंबाखूचा पिवळा रंग चढलेला. बाकीच्या बायका 'कॅन्सर आहे का' एवढंच विचारतात, आणि त्याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नसतं. हिने ते विचारलंच नाही. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "सिस्टर, सुईच्या दुसऱ्या दिवशी विड्या वळता येतील का ओ? हजाराचा हिशोब असतो माझा."

म्हटलं, येतील. मांडीवर सूप घेऊन, दंड अंगाशी ठेवून बोटांचं काम करायला काही हरकत नाही. पण हंडा, कळशी, गॅसची टाकी, पाण्याने भरलेली बादली दोन दिवस उचलायची नाही. त्या बाजूच्या हाताने तर नाहीच.

मग म्हणाली, उपाशी यायचं का? नाही. भुलीचं इंजेक्शन तेवढ्याच जागेवर असतं, त्यामुळे चहा-नाश्ता करूनच यायचं. उपाशी आलेल्या बायकांना भीतीने आणि रिकाम्या पोटाने चक्कर येते आणि मग त्या सुईला दोष देतात. गोळ्या चालू आहेत का, हे मी विचारायच्या आधी तिनेच पिशवीतून पाकिटं काढली. ही गोष्ट फार मोलाची. रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन असलं काही चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी कळलं पाहिजे. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. हृदयात स्टेंट असलेल्या एका काकूंनी बायोप्सीच्या भीतीने आठवडाभर गोळी सोडली होती. आम्ही त्यांना आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. साखर, दमा, दात काढताना इंजेक्शनने कधी त्रास झाला असेल तर तो, बाळ अंगावर पीत असेल तर ते, सगळं सांगायचं. अंगावर पाजणाऱ्या आईचीही बायोप्सी होते. दूध आहे म्हणून गाठ तपासायची थांबवायची नसते, मात्र बाळाला आधी पाजून यायचं.

तिने मंगळसूत्राचं विचारलं तेव्हा आवाज जरा खाली आला. काढावं लागेल का? काही ठिकाणी सरळ काढायला लावतात. मी मान मागे करून ते पाठीकडे सोडते आणि वर पट्टी चिकटवते. तेवढ्याने काम भागतं, आणि टेबलावर आधीच छाती धडधडत असलेल्या बाईच्या गळ्यातलं काही काढावं लागत नाही. मॅमोग्राफीच्या मशिनवर करायची बायोप्सी असेल तर मात्र काढावं लागतं, आणि त्या दिवशी पावडर किंवा काखेत लावायचं काहीही लावायचं नाही, कारण त्याचे कण फोटोत चुन्याच्या दाण्यांसारखे दिसतात. ती बायोप्सी वेगळी. गाठ हाताला लागत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही, फक्त मॅमोग्राफीत बारीक कॅल्शियमचे दाणे दिसतात, तेव्हा ती करतात. तिथे निर्वाताने तुकडे ओढून घेणारी जाड सुई वापरतात आणि कधी कधी आत तिळाएवढी धातूची खूण ठेवतात. ती खूण बाधत नाही. पुढे कुठे बघायचं, हे तिच्यामुळे सापडतं.

ब्लाउज पुढून उघडणारा घाला, सैल घाला, आणि आतून घट्ट आधार देणारी बॉडी बरोबर आणा. नंतर ती दिवस-रात्र घातली तर गाठीच्या जागी ओढ बसत नाही. हे मी सगळ्यांना सांगते.

दुखतं का? भुलीचं इंजेक्शन दहा-पंधरा सेकंद चांगलंच चुरचुरतं. लाल मुंगी चावल्यासारखं, असं बायका म्हणतात. त्यानंतर दाब कळतो, ओढ कळते, दुखायला नको. दुखलं तर सांगायचं. इथे मला आमच्या बायकांशी भांडावं लागतं, कारण सोसायचं कसं हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. ओठ दाताखाली धरून पडून राहतात. त्या विडी कामगार बाईच्या पायाचा अंगठा ताठ झालेला मला दिसला म्हणून मी विचारलं, "दुखालंय का?" तर म्हणाली, "दुखालंय, पण करू द्या की डॉक्टरांना." डॉक्टर थांबले, आणखी औषध दिलं, दोन मिनिटांनी पुढचे तुकडे निघाले आणि तिला काही कळलं नाही. तेव्हापासून मी चेहऱ्याबरोबर पायाची बोटंही बघते.

*

आता चुकीबद्दल.

गनची बायोप्सी आमच्याकडे नवी होती तेव्हाची गोष्ट. शनिवारी दुपारी अक्कलकोट तालुक्यातल्या एका बाईचे तुकडे निघाले. तुकडे टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनची बाटली संपलेली होती, स्टोअर बंद झालं होतं. मी तुकडे सलाइनच्या पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले. मला वाटलं, टिकतील. सोमवारी पॅथॉलॉजीतून फोन आला, की पेशी विरघळल्यासारख्या झाल्या आहेत, वाचता येत नाहीत. शरीरातून निघालेला तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये गेला नाही तर तो आतून सडायला लागतो. तासाभरापेक्षा जास्त उशीर झाला तरी पुढच्या हार्मोनच्या तपासण्यांवर परिणाम होऊ शकतो. आम्ही तर दोन रात्री घालवल्या होत्या.

तिला परत बोलावलं. कुणीतरी सुचवलं, 'तुकडा पुरेसा आला नाही' असं सांगू. मी गप्प राहिले. तसंच सांगितलं गेलं.

दुसऱ्या बायोप्सीच्या दिवशी ती आली ती काळवंडून. नवऱ्याने बाहेर मला सांगितलं, की चार दिवस ती जेवलेली नाही, माझी गाठच एवढी वाईट आहे की तुकड्यात मावली नाही असं म्हणते. मी आत गेले, दार लावलं आणि तिला खरं सांगितलं. बाटली नव्हती, मी चुकीच्या पाण्यात ठेवले, चूक माझी. मला वाटलं ती ओरडेल. ती बराच वेळ बांगड्या फिरवत बसली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या गाठीत खोट न्हवती म्हणा."

त्या दिवसापासून सुई लागायच्या आधी बाटली तयार, भरलेली आणि नाव लिहिलेली असते. मी ती बाईच्या हातात देते आणि तिच्याकडून वाचून घेते. नाव, वय, उजवी की डावी. वाचता येत नसेल तर मी वाचते आणि ती हो म्हणते. तुमच्या बायोप्सीच्या वेळी कुणी असं करत नसेल तर तुम्हीच मागा. "सिस्टर, बाटलीवर माझं नाव लिहिलंय का?" असं विचारलं म्हणून चांगल्या खोलीत कुणाला राग येत नाही.

आणि जमलं तर तुकडे बघा. बऱ्याच बायकांना बघायचे असतात, विचारायला लाजतात. शेवईच्या काडीसारखा पांढुरका धागा, दीड-दोन सेंटीमीटरचा. गाठीतला तुकडा बहुधा फॉर्मॅलिनच्या बाटलीत तळाला जातो. नुसती चरबी आली असेल तर तो वर तरंगतो, मग डॉक्टर आणखी एक घेतात. चार-पाच धागे तळाशी बसलेले दिसले की खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल होतात. 'एवढंच?' असं म्हणणाऱ्या बायकांचा आवाज मला ओळखू येतो. इतक्या महिन्यांचं भय या एवढ्याशा धाग्यांसाठी होतं, यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

त्यानंतर मी दहा-पंधरा मिनिटं हाताने दाबून धरते. पट्टी एक दिवस कोरडी ठेवायची. आजूबाजूला काळं-निळं पडेल, मग हिरवट, मग पिवळं होईल, आठ-दहा दिवसांत जाईल. कापडात बर्फ गुंडाळून थोडा वेळ लावायचा, लागली तर पॅरासिटामॉल घ्यायची. हळदीचा लेप, तेलाची मालिश, कुणी दिलेला पाला बांधू नका. सूज वाढत गेली, ताप आला, पू आला, रक्त थांबेना, तर कसलाही विचार न करता परत यायचं.

*

'सुई लागली की कॅन्सर पसरतो.' हे वाक्य मी ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. जाऊबाईने सांगितलं, गावातल्या वैदूने सांगितलं, एकदा तर पेशंटला घेऊन आलेल्या रिक्षावाल्याने सांगितलं. मी पूर्वी चिडायचे. आता विचारते, कुणाचं पसरलं? तेव्हा बहुतेक वेळा एखादी खरी बाई निघते. नात्यातली, शेजारची. तिची बायोप्सी झालेली असते, आणि मग पैसे नव्हते, ऊस तोडायला जायचं होतं, लेकीचं लग्न होतं, कुणी जडीबुटी दिली, अशा कशाने तरी सहा-आठ महिने उपचार झालेला नसतो. गाठ वाढते, फुटते. गाव मागे वळून बघतं तेव्हा त्याला आठवते ती सुई. न झालेला उपचार कुणाला दिसत नाही, टोचलेली सुई दिसते.

सुईच्या वाटेत काही पेशी सरकतात, हे क्वचित दिसलेलं आहे, आणि मी ते लपवत नाही. पण त्यामुळे बायका कमी जगतात असं दिसलेलं नाही. जगभर उपचाराची सुरुवात याच सुईने होते.

ज्याने खरंच नुकसान होताना मी पाहिलं, ते वेगळं आहे. एक बाई आली, वय अडतीस. स्तनावर बोटभर लांब शिवण, आणि शिवणीच्या खाली टणक गाठ. आठ महिन्यांपूर्वी एका छोट्या दवाखान्यात गाठ काढली होती. सोनोग्राफी नाही, सुई नाही. गाठ बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवली, 'साधी चरबीची आहे' म्हणाले, आणि टाकून दिली. तपासायला पाठवलीच नाही. हजारभर रुपये वाचवल्याचं सासऱ्यांना समाधान होतं. आता काखेतही गाठी होत्या. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रिपोर्ट?" ती पर्स उघडून शोधायला लागली. खूप वेळ शोधत होती. आपल्याला रिपोर्ट दिलेलाच नव्हता, हे तिला तेव्हा उमगलं.

शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ तपासायला गेली पाहिजे. कितीही साधी दिसो. हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगते, लोकांना आवडो न आवडो.

*

रिपोर्टची भाषा ही एक वेगळीच दरी आहे. सोनोग्राफीच्या कागदावर बायरॅड्स ४ लिहिलेलं बघून एक शिक्षिका चौथ्या स्टेजचा कॅन्सर समजून नवऱ्याला मृत्युपत्राचं बोलून आल्या होत्या. तो आकडा रोगाच्या टप्प्याचा नाही, शंका किती आहे त्याचा आहे. ३ म्हणजे बहुतेक साधी, लक्ष ठेवा. ४ म्हणजे शंका आहे, तपासा. ५ म्हणजे दाट शंका. आणि ४ लिहिलेल्या कितीतरी गाठी साध्या निघतात. त्या शिक्षिकांची निघाली. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस म्हणून एक दाह असतो, आपल्याकडे स्तनाचा क्षयही असतो. दोन्ही हाताला आणि फोटोत हुबेहूब कॅन्सरसारखे वाटू शकतात. बायोप्सी न करता कापलं असतं तर गोळ्यांनी बरं होणाऱ्या दुखण्यापायी स्तन गेला असता.

पण ज्याची आठवण अजून पोटात खड्डा पाडते तो एक नवरा आहे. हातात पेढ्यांचा पुडा घेऊन आला. माझ्या हातावर पेढा ठेवला. "सिस्टर, तिन्ही निगेटिव्ह आलं." मी कागद घेतला. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. त्याने कोविडच्या दिवसांत निगेटिव्ह म्हणजे सुटलो, हे शिकलेलं होतं. कॅन्सर आहे हे आधीच्या पानावर लिहिलेलं होतं, ते पान त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. हे तीन शब्द कॅन्सर कोणत्या जातीचा आहे आणि कोणतं औषध लागू पडेल ते सांगतात. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाही, केमोच महत्त्वाची. तो पेढा माझ्या हातात तसाच होता. बायको बाहेर बाकावर बसली होती. तो म्हणाला, "तिला नका सांगू." मी म्हटलं, दादा, पेढे बघून ती हसली असेल ना? आता तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आत बोलावू या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सावकाश सांगितलं. तिचा पहिला प्रश्न होता, "औषध कधी सुरू करायचं?"

'तिला सांगू नका' हे मुलगे म्हणतात, नवरे म्हणतात, भाऊ म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. पण सज्ञान बाईच्या संमतीपत्रावर सही किंवा अंगठा तिचाच हवा, आणि ज्या कागदासाठी तिचा अंगठा घेतला त्याचं उत्तर तिच्यापासून लपवायचं, हे मला पटत नाही. शिवाय ते लपत नाही. घरात फोन कोपऱ्यात जाऊन घेतले जायला लागले की तिला सगळं कळतं, फक्त तिला विचारायची सोय उरत नाही.

*

सोनोग्राफी शंका घेते आणि रिपोर्ट साधा येतो, असंही होतं. तेव्हा लोक आनंदाने घरी जातात. जायच्या आधी एक विचारा: रिपोर्ट आणि फोटो जुळतात का? नाही जुळत असं डॉक्टर म्हणाले, तर बायोप्सी पुन्हा करावी लागते, कारण सुई गाठीच्या शेजारून गेलेली असू शकते. हे पुन्हा करणं म्हणजे फसवणूक नव्हे.

आणि तुकड्यांचे मेणाचे ठोकळे व काचपट्ट्या पॅथॉलॉजीत जपलेल्या असतात. परळला टाटा मेमोरियलला किंवा आमच्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं असेल तर ते ठोकळे मागून न्यायचे. नाहीतर तिथे नव्याने सुई टोचून घ्यावी लागते. जन आरोग्य योजनेच्या फायलीलाही बायोप्सीचा रिपोर्ट लागतो. मूळ कागद लॅमिनेट करू नका, झेरॉक्स वापरा.

रिपोर्ट यायला आमच्याकडे चार-पाच दिवस, आणि हार्मोनच्या तपासण्यांना आणखी आठवडाभर. ते दिवस कसे काढायचे, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एका माळकरी आजींनी आषाढी दोन आठवड्यांवर असताना विचारलं होतं, "वारी करून येऊ का?" कुणीतरी त्यांना रागावलं होतं. डॉक्टर म्हणाले, बायोप्सी आज करून घ्या, पट्टी काढा आणि मग चाला, रिपोर्ट पांडुरंगाला भेटून आल्यावर घ्या. दोन-तीन आठवड्यांनी आभाळ कोसळत नाही. महिन्यांनी कोसळतं. आजी द्वादशीनंतर ठरल्या दिवशी हजर झाल्या, प्रसादाचे चुरमुरे घेऊन.

जी हजर झाली नाही तिचं सांगते. ऊसतोडीची बाई. दसऱ्यानंतर बायोप्सी झाली आणि चार दिवसांत टोळी कारखान्याकडे निघून गेली. रिपोर्टमध्ये कॅन्सर होता. दिलेला फोन नंबर बंद. माझ्या ड्रॉवरमध्ये ते पाकीट थंडीभर पडून होतं, मी रोज ते बघायचे. पाडव्याच्या सुमाराला ती परतली तेव्हा गाठ कातडीपर्यंत आली होती. ती मला एक शब्दही बोलली नाही. आता मी तीन नंबर लिहून घेते: तिचा, शेजारणीचा आणि टोळी असेल तर मुकादमाचा. दर शनिवारी ड्रॉवर रिकामा करते.

*

मागच्या मंगळवारी एक मुलगी आली, एकोणीस वर्षांची, आई बरोबर. गोटीसारखी निसटती गाठ. आईचं बोलणं सगळं कुजबुजीत. "स्थळं बघतोय. खूण राहील का? कुणाला कळेल का?" मुलगी भिंतीकडे बघत होती. मी गन ऐकवली, बाटली तिच्या हातात दिली. तिने नाव वाचलं, 'डावी' म्हणाली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

शनिवारी रिपोर्ट आला. फायब्रोअ‍ॅडिनोमा. त्या वयात सगळ्यात जास्त सापडणारी, साधी गाठ. आईने दोनदा नमस्कार केला, आणि मग विचारलं, "हे फाडून टाकलं तर चालेल ना?" म्हटलं, नका फाडू. पुढे कधी पुन्हा गाठ लागली, तर हा कागद असला म्हणजे ही जुनी की नवी ते कळतं. सहा महिन्यांनी सोनोग्राफीला यायचं आहे, तेव्हा बरोबर आणा.

आई पाकीट पदराखाली घ्यायला लागली. मुलीने हात पुढे केला. "दे, माझ्याकडे राहू दे." तिथेच उभी राहून तिने तो कागद पहिल्या ओळीपासून वाचला, दोन शब्दांचे अर्थ मला विचारले, घडी घातली आणि कॉलेजच्या सॅकमध्ये वह्यांच्या मधे ठेवला.